दमट हवेतल्या गॅरेजसाठी ओपनर कसा निवडावा

रिमोटचं बटण दाबलं की दार गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खाली यायचं, अडखळायचं आणि आल्या वाटेने वर जायचं. छताखालच्या, मोटर असलेल्या डबीवरचा दिवा चार-सहा वेळा मिचमिचायचा आणि गप्प व्हायचा. हा तमाशा फक्त पहाटे किंवा पाऊस पडून गेल्यावर. दुपारी दार शहाण्यासारखं वागायचं. दुरुस्तीवाला आला, सर्किट बोर्ड बदलून बिल देऊन गेला. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. शेवटी टॉर्च घेऊन मी दाराशी उकिडवा बसलो. चौकटीच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून वीतभराच्या आत, सेन्सरचे दोन डोळे असतात; वाटेत काही आलं की ते दार उलटवतात. त्यांतल्या एकाच्या काचेवर दवाचा पातळ पडदा धरला होता. रुमालाच्या कोपऱ्याने पुसला आणि दार मुकाट्याने बंद झालं.

तेव्हापासून ओपनर, म्हणजे गॅरेजचं दार उघड-बंद करणारं यंत्र, पाहताना मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. जाहिरात मोटरीच्या ताकदीची असते, पण दमट हवेत मोटर सहसा सगळ्यांत शेवटी जाते. त्याआधी जातात ते सांधे, म्हणजे कनेक्टरच्या पिना, सेन्सरच्या काचा, वायरींची टोकं, स्प्रिंगा आणि दाराला उचलून धरणाऱ्या तारा. म्हणून निवड करायची ती याच क्रमाने: आधी जागा, मग दार, मग यंत्र.

पहिली पायरी: ओल येते कुठून?

आपण सगळ्यालाच 'दमट' म्हणतो, पण ओलीच्या जाती निराळ्या आणि त्यांवरचे उपायही निराळे. साधा आर्द्रतामापक घ्या आणि दाराजवळ, ओपनर बसणार आहे त्या उंचीवर, पंधरा दिवस टांगून ठेवा. पहाटे आणि दुपारी आकडा लिहून काढा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजण्याचा वेग वाढू लागतो. ती ८० च्या वर तासन्‌तास राहत असेल, तर पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल कायम असते असंच धरून चाला.

नुसत्या आकड्याने मात्र भागत नाही. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २१ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. रात्री गार पडलेले रूळ, दाराचा पत्रा, लोखंडी कंस यांना सकाळी दार उघडून बाहेरची कोमट दमट हवा आत आली की अक्षरशः घाम फुटतो. माझ्या सेन्सरचं दुखणं हेच होतं. पहाटे रुळांवर हात फिरवून पाहा. बोटं ओली झाली, तर तुमच्याकडे दवाचा प्रश्न आहे आणि पुढे डबी निवडताना तो लक्षात ठेवावा लागेल.

जमिनीतून ओल येते का, हे पाहायला एक सोपा प्रयोग आहे. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा. किमान १६ तासांनी काढून बघा. खालची बाजू ओली किंवा काँक्रीट काळपट झालेलं दिसलं, तर फरशीच पाणी सोडते आहे. अशा गॅरेजमध्ये उत्तमातला उत्तम ओपनर आणला तरी दाराच्या खालच्या भागातलं लोखंड गंजणारच.

समुद्राजवळच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. मिठाचा कण हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतो आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की विरघळून खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन बसतो. म्हणून खाऱ्या हवेत पाऊस नसतानाही लोखंड भिजलेलंच असतं. अशा ठिकाणी नुसत्या रंगावर विसंबू नका. जस्ताचा जाड मुलामा किंवा स्टेनलेस स्टील लागतं आणि गोड्या पाण्याने वरचेवर पुसणंही.

आणखी एक ओल आपण स्वतः गाडीच्या टपावर बसवून आत आणतो. भिजलेली गाडी लावायची आणि दार घट्ट बंद करायचं, म्हणजे ते सगळं पाणी रात्रभर हवेत मिसळू द्यायचं. त्यामुळे दाराला रबर लावताना खाली एक आणि समोरच्या भिंतीत वर एक अशी हवेची वाट ठेवा. ओपनर निवडण्याच्या लेखात झरोक्याची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण दोन झरोक्यांनी ओपनरचं जेवढं आयुष्य वाढतं तेवढं कुठल्याही महागड्या डबीने वाढत नाही.

दुसरी पायरी: दार हाताने उचलून पाहा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग यंत्राला दोष देतात. दार उचलण्याचं काम ओपनरचं नसतंच, ते स्प्रिंगांचं असतं. ओपनर फक्त तोललेल्या दाराला पुढे-मागे सरकवतो. तोल बिघडला की सगळं वजन मोटरीच्या आणि दातेरी चाकांच्या गळ्यात पडतं.

आधीचा ओपनर असेल, तर दार पूर्ण बंद करून मगच दाराला ओपनरपासून सोडवणारी लाल दोरी ओढा. वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली निघाली, तर दार धाडकन खाली येईल. आता दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा. नीट तोललेलं दार तिथेच थांबतं, फार तर वीतभर इकडेतिकडे होतं. खाली घसरत असेल तर स्प्रिंग थकली आहे, वर उसळत असेल तर जास्त ताणलेली आहे. उचलताना कुठे खरखर लागते, कुठे अडतं, तेही ध्यानात ठेवा.

लाकडी दार असेल तर हीच परीक्षा कोरड्या दिवसांत एकदा आणि भर ओलाव्यात एकदा करा. लाकूड हवेतली ओल पितं. लाकडातला पाण्याचा अंश १२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला तर वजन सुमारे सात टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ८० किलोचं दार ८६ किलोच्या घरात जातं. स्प्रिंगा जुन्या वजनालाच लावलेल्या असतात. वर लाकूड फुगून चौकटीत घासतं ते वेगळंच. कोरड्या दिवसांत बसवलेला ओपनर पाऊस लागला की कुरकुरू लागतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. दार सगळ्या बाजूंनी, खालच्या आणि वरच्या कडांसकट, रंगवलेलं आहे का ते बघा. खालची कड कोणी रंगवत नाही आणि पाणी नेमकं तिथूनच चढतं.

आता स्प्रिंगा. दाराच्या वर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली असते ती पीळ घेणारी स्प्रिंग. रुळांच्या बाजूने लांब ताणली जाते ती ताणाची. घरगुती दारांच्या स्प्रिंगा साधारणपणे १०,००० फेऱ्यांच्या हिशोबाने बनवलेल्या असतात आणि एकदा उघडून बंद होणं ही एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आत ती संख्या भरते. गंज हा हिशोब आणखी आखूड करतो, कारण गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यापासूनच तडा सुरू होतो. दमट जागेत जस्ताचा मुलामा किंवा पावडर कोटिंग असलेल्या स्प्रिंगा मागा. ताणाच्या स्प्रिंगा असतील तर त्यांच्या पोटातून सुरक्षा-तार ओवलेली हवी, म्हणजे तुटलेला तुकडा गोळीसारखा उडत नाही.

स्प्रिंगांना स्वतः हात लावू नका. पीळ भरलेल्या स्प्रिंगेत माणसाचा हात मोडण्याइतकी ताकद साठवलेली असते. सगळी कामं घरी करून पाहणाऱ्यांपैकी मी आहे, पण या कामाला माणूस बोलावतो.

खाली वाकून एक गोष्ट मात्र जरूर पाहा: उचलणाऱ्या तारा दाराच्या खालच्या कोपऱ्यात जिथे कंसाला अडकवलेल्या असतात ती जागा. पाणी तिथे साचतं आणि तारेचा खालचा हातभर भाग आधी सडतो. एखादा धागा तुटून केसासारखा उभा राहिलेला दिसला, तर ओपनरच्या खरेदीआधी तार बदलून घ्या. तो खालचा कंसही ताणाखाली असतो, त्याचे स्क्रू सैल करून पाहण्याचा मोह आवरा.

तिसरी पायरी: दाराला शोभेल ते यंत्र

गुंडाळलं जाणारं शटर असेल तर निवड फारशी उरत नाही. त्याला ड्रमच्या बाजूची किंवा नळीच्या आतली मोटर लागते, छताचा ओपनर तिथे चालत नाही. शटर ओलं असतानाच गुंडाळलं जातं आणि थरांमध्ये पाणी अडकतं, म्हणून मोटर ड्रमच्या नेमकी खाली येऊन तिच्यावर ठिबक पडणार नाही एवढं पाहा.

आडव्या फळ्यांचं, रुळांवरून छताकडे वळणारं दार किंवा एकसंध उलटून वर जाणारं दार असेल तर पर्याय बरेच आहेत.

साखळीचा ओपनर मजबूत, रांगडा आणि आवाज करणारा. साखळी उघडी असते, तिला वंगण लागतं. वंगण वाळलं की गंज चढतो आणि गंजलेली साखळी ताठ होऊन दातेरी चाकावर उड्या मारते. वर्षातून दोनदा शिडीवर चढायची तयारी असेल तर साखळी घ्यायला हरकत नाही. जड लाकडी दाराला मी आजही तीच सुचवेन.

पट्ट्याचा ओपनर शांत आणि पट्टा स्वतः गंजत नाही, म्हणून दमट जागेत माझी पहिली पसंती त्यालाच. पण विकणाऱ्याला विचारा की पट्ट्याच्या आत काय आहे. रबर किंवा पॉलियुरेथेनच्या पोटात काचतंतू, अरॅमिड (एक मजबूत कृत्रिम धागा) किंवा पोलादी तारा असतात. पोलादी तारांचा पट्टा कडेने फाटला किंवा त्याची टोकं उघडी राहिली, तर ओल आत शिरते आणि बाहेरून धडधाकट दिसणारा पट्टा आतून कमजोर होतो. खाऱ्या हवेत काचतंतूंचा किंवा अरॅमिडचा बरा. पट्ट्याला तेल मात्र चुकूनही लावू नका.

स्क्रूचा ओपनर, ज्यात लांब आटेदार दांड्यावरून सरकपट्टी पुढे-मागे जाते, त्यात फिरते भाग कमी असतात हे खरं. पण सगळा भरवसा त्या उघड्या दांड्यावरच्या ग्रीसवर. ग्रीस धूळ आणि ओल दोन्ही धरून ठेवतं, थंडीत घट्ट होतं. दमट जागेसाठी मी तो टाळतो.

भिंतीवर, स्प्रिंगेच्या दांड्याच्या टोकाला बसणारा ओपनर सध्या फार लोकप्रिय आहे. छत मोकळं राहतं, लांब रूळ नाही, साखळी नाही, पट्टा नाही, म्हणजे गंजायलाही कमी. त्याला पीळ घेणाऱ्या स्प्रिंगेचा दांडा असलेलंच दार लागतं आणि बाजूला साधारण २० सेंटिमीटर जागा. एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात कोणी लिहीत नाही. हा ओपनर दाराच्या अगदी शेजारी बसतो आणि वाऱ्याबरोबर पाऊस आत शिरतो तो नेमका दाराच्या बाजूच्या फटीतून. छताच्या मध्यावर टांगलेली डबी दारापासून दोन-तीन मीटर आत असते, हा बिचारा थेट तडाख्यात. दार पावसाच्या तोंडावर असेल तर बाजूचं रबर आधी बदला, नाहीतर हा विचार सोडा. शिवाय त्याला तारांचा ताण ओळखणारा वेगळा सेन्सर असतो, म्हणजे दाराशेजारी, ओल्या जागी, आणखी एक नाजूक भाग.

छताचा रूळ घेताना जस्ताचा मुलामा असलेला घ्या आणि पन्हळीसारखा असेल तर तोंड खाली असलेला, म्हणजे दवाचं पाणी आत साचत नाही.

मोटर

हा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण दुकानात याचीच चर्चा सर्वांत जास्त होते. ताकद कुठे अश्वशक्तीत सांगतात, कुठे न्यूटनमध्ये. घरगुती ओपनर ६००, ८००, १००० न्यूटन अशा पायऱ्यांनी विकले जातात. नीट तोललेल्या एका गाडीच्या हलक्या दाराला खालची पायरी पुरते, रुंद किंवा लाकडी दाराला एक पायरी वरची घ्या. ओलाव्यातलं वाढीव वजन आणि घासणं त्यात धरलं जातं. त्याहून जास्त ताकद घेऊन बिघडलेलं दार ओढत राहायचं, ही चूक करू नका.

एसी मोटरीपेक्षा डीसी घ्या. ती हळू सुरू होते, हळू थांबते, सैल झालेल्या जुन्या सांध्यांना हिसके बसत नाहीत आणि बॅटरीवर चालते. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त असतं, म्हणून पुढची पायरी जास्त महत्त्वाची.

चौथी पायरी: डबीच्या आत डोकवा

शक्य असेल तर दुकानातल्या नमुन्याचं झाकण काढायला लावा. आढेवेढे घेतील, पण काढतात.

आधी आयपीचा आकडा वाचायला शिका. पहिला अंक धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच नाही, आणि घरातल्या छतावर लावायचे पुष्कळ ओपनर याच वर्गातले. आयपी ४४ कुठूनही उडालेले शिंतोडे सोसतो, ६५ पाण्याच्या धारेलाही दाद देत नाही. मग ६५ घेतला की झालं? तिथेच गोम आहे. ही चाचणी वाहत्या पाण्याची असते आणि काही मिनिटांत संपते. महिनोन्‌महिने दमट हवेत राहण्याची परीक्षा त्यात नसते.

घट्ट बंद डबी श्वास घेते. मोटर चालली की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर जाते. रात्री गार पडली की आत ओढ निर्माण होते आणि वायरीच्या भोकातून दमट हवा शिरते. ती आत दव होऊन बसते आणि बाहेर पडायला तिला वाट नसते. मी एक अशी डबी उघडली होती. बाहेरून कोरी करकरीत; आत झाकणाच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी आणि बोर्डाच्या कडेला हिरवट पावडर. म्हणून उंच आकड्याच्या डबीला सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक किंवा हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी जाळी आहे का, ते पाहा. नसेल, तर छताखालच्या सुरक्षित जागेसाठी हवा खेळती असलेली साधी डबी मला जास्त बरी वाटते.

दुसरं, सर्किट बोर्ड. त्यावर पारदर्शक लाखेचा थर दिलेला असतो का, हे विचारा. टॉर्चचा उजेड तिरका टाकला तर सोल्डरच्या टोकांवर नखरंगासारखी चकाकी दिसते. हा थर दमट जागेतल्या ओपनरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी विमा. थर नसलेल्या बोर्डावर जवळजवळच्या दोन पिनांमध्ये ओल आणि धूळ मिळून विजेला चोरवाट तयार होते, आणि दार रात्री-बेरात्री आपोआप उघडण्यासारखे चमत्कार घडू लागतात.

तिसरं, दार कुठे थांबायचं हे यंत्राला कसं कळतं. जुन्या पद्धतीत यांत्रिक स्विच असतात. त्यांचे संपर्कबिंदू काळे पडले की दार कधी थांबतं, कधी नाही. नव्यांत फेऱ्या मोजणारा एन्कोडर असतो. चुंबकीय असेल तर दव आणि धुळीची फिकीर नाही. प्रकाशावर चालणारा असेल तर तोही सेन्सरच्या डोळ्यासारखा धुरकटू शकतो. पर्याय असेल तर चुंबकीय मागा.

वॉरंटीही उलट्या बाजूने वाचा. मोटरीवर लांबलचक मुदत, ठळक अक्षरांत. बोर्ड, सेन्सर आणि रिमोटवर आखूड, बारीक अक्षरांत. दमट हवा ज्यांना खाते त्यांचीच मुदत सर्वांत कमी असते. 'गंजाने झालेलं नुकसान वगळून' असं वाक्य आहे का, तेही शोधा. आणि सुटा सेन्सर, सुटा बोर्ड पाच वर्षांनी मिळेल का, हे खरेदीआधीच विचारून ठेवा.

पाचवी पायरी: खालचे डोळे

सेन्सरचे डोळे जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आतच बसवतात, कारण रांगणारं मूल किंवा मांजर त्यांना दिसायला हवं. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती ओपनरला हे डोळे किंवा अडथळा ओळखणारी तशीच दुसरी सोय असणं बंधनकारक आहे. युरोपच्या ईएन १२४५३ या मानकात बंद होणाऱ्या दाराच्या दाबाला मर्यादा घातली आहे: धडकेचा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये आणि पाऊण सेकंदात तो १५० च्या खाली यायला हवा. म्हणजे संपूर्ण यंत्रातला सर्वांत नाजूक भाग नियमानेच सर्वांत ओल्या जागी बसतो. त्रास टाळायला डोळे वर सरकवणं हा उपाय नव्हे.

निवडताना काच खोल बसलेली, वर छोटी छपरी असलेली आणि वायर खालच्या बाजूने बाहेर पडणारी जोडी घ्या. कंस जाड असावा. पातळ पत्र्याचा कंस गंजून वाकला की डोळ्यांची नजरानजर चुकते. वायरीचे जोड जमिनीजवळ करू नका. एकच अखंड वायर वरपर्यंत न्या, आणि जोड द्यावाच लागला तर आत जेल भरलेला, ओल न शिरणारा कनेक्टर वापरा. नुसती पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली वायर दोन ओले मोसम काढत नाही. तांबं हिरवं पडतं आणि दार लहरी होतं.

पहाटेच्या दवाचा प्रश्न असेल तर दाराच्या खालच्या कडेला बसणारी, दाब लागताच दार उलटवणारी रबरी पट्टी हा जोडीचा पर्याय आहे. तिला काच नसते. मात्र ती पाण्यात लोळते, म्हणून तिची टोकं नीट बंद केलेली हवीत.

सहावी पायरी: वीज आणि बॅटरी

ओपनरच्या विजेच्या वाटेवर ३० मिलीअँपियरचं गळती-संरक्षण, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, असू द्या. ओलाव्यात ते वारंवार पडू लागलं, तर ते काढून टाकायला सांगणारा वायरमन बदला. सॉकेटमध्ये किंवा डबीत ओल शिरल्याची ती बातमी असते. प्लगची वायर सॉकेटपेक्षा थोडी खाली लोंबवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळीतून खाली टपकतं, सॉकेटात जात नाही.

ओलाव्याच्या दिवसांत ओपनरची वीज महिनाभर बंद ठेवू नका. स्वस्थ बसलेला ओपनरही थोडी वीज खातो आणि तेवढ्याने बोर्ड भोवतालच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहतो, दव धरत नाही. याच उबेला मुंग्या आणि कोळीही येतात, तेव्हा वायरीची भोकं रबरी बुचांनी बंद हवीत.

बॅटरीची सोय घ्याच. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर काही लोकांना गॅरेजची दारं उघडता आली नाहीत, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या बसवल्या जाणाऱ्या घरगुती ओपनरला बॅटरी सक्तीची झाली. वादळी पावसात वीज जाते तेव्हाच गाडी बाहेर काढायची वेळ येते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरते ती पुसून पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा. गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर बाहेरून किल्लीने उघडणारी आपत्कालीन सोयही बसवून घ्या आणि ती किल्ली वर्षातून दोनदा फिरवून पाहा. न वापरलेलं कुलूप ओलाव्यात जाम होतं आणि ते नेमकं नको त्या रात्री कळतं.

रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवणारा हवा, बारीक खटक्यांनी ठरवायचा जुना ठरीव संकेताचा नको. फोनवरून चालवायची हौस असेल तर चांगलंच. दार उघडं राहिल्याची सूचना मिळणं दमट जागेत खरोखर कामाचं आहे.

सातवी पायरी: बसवताना पाठीशी उभे राहा

डबी छताला टेकवून न बसवता कंसांवर थोडी खाली घ्यायला सांगा. पत्र्याच्या छताला दव सुटतं आणि ते सरळ डबीत ठिबकतं. स्क्रू साधे काळे नकोत, जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेसचे हवेत. मात्र खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमच्या दारात स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला, तर दोन धातूंच्या भांडणात अॅल्युमिनियम हरतं आणि स्क्रूभोवती पांढरी पूड धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर घालून घ्या. रोलरही सीलबंद बेअरिंगचे, नायलॉनचे असले तर उत्तम.

बसवून झाल्यावर यंत्र दाराला लागणारा जोर 'शिकून' घेतं. हा जोर कोरड्या दिवशी शिकवला असेल तर ओलाव्यात पुन्हा शिकवा. पण दार अडतं म्हणून जोराची मर्यादा वाढवत नेणं धोक्याचं आहे. आधी दार हाताने चालवून अडतं कुठे ते शोधा.

मग चाचणी. साधारण ३८ मिलिमीटर जाडीची फळी दाराच्या वाटेत आडवी ठेवा आणि बटण दाबा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत दार उलटायला हवं. नंतर दार खाली येत असताना केरसुणीचा दांडा डोळ्यांसमोर धरा, तेव्हाही ते उलटलं पाहिजे. दोन्ही होईपर्यंत बसवणाऱ्याला सोडू नका, आणि हीच चाचणी महिन्यातून एकदा स्वतः करा.

त्याच दिवशी सेन्सरच्या काचा कोरड्या मऊ फडक्याने पुसायच्या, तारांची खालची टोकं पाहायची. बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगांना लिथियम ग्रीसचा पातळ फवारा, रबराला सिलिकॉन. रुळांच्या आत काही लावायचं नाही. तिथे ग्रीस घातलं की धूळ आणि ओल मिळून चिखल होतो, तो पुसून काढणं एवढंच काम. गंज सोडवायला मिळणारा पातळ फवारा वंगण म्हणून वापरू नका, तो उडून जातो आणि असलेलं वंगणही धुऊन नेतो.

माझ्या दाराशी आता एक जुना रुमाल खिळ्याला टांगलेला असतो. डोळ्यांवर छपरी बसवल्यापासून तो फारसा लागत नाही, पण धुक्याच्या पहाटे दार अडलंच, तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी मी तो हातात घेतो.